फिनलंडच्या एका गावात एक माणूस वाढलं

परत आल्यापासून लोक मला तीन प्रश्न विचारतात. थंडी किती होती, खायला काय मिळायचं, आणि पोरगी कधी येणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी जिन्यात उभ्या उभ्याही देते. तिसऱ्यासाठी बसावं लागणार होतं, म्हणून हे लिहिते.

मी नांदेड जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीत जेवढं शिकवलं तेवढंच मोजलं. पट मोजला, मतदार मोजले, शौचालयं मोजली, शाळाबाह्य मुलं मोजली, जनगणनेत किनवट तालुक्यातली जंगलातली गावं पायी मोजली. त्यामुळे यादी केल्याशिवाय माझं पाऊल घराबाहेर पडत नाही. फिनलंडला जाताना वहीत दोन याद्या होत्या. पहिली सामानाची: ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोकरी मोजे, वाटीभर मेथीदाणे. दुसरीचं शीर्षक होतं ‘प्रणालीने परत का यावं’. तिच्यात अकरा मुद्दे होते.

प्रणाली माझी एकुलती एक मुलगी. लातूरला नर्सिंगची पदवी घेतली, नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात दोन वर्षं काढली. मग हैदराबादला कुठल्याशा संस्थेत फिनलंडची भाषा शिकली आणि गेली. तिकडे एका लहान गावातल्या वृद्धाश्रमात ती काम करते. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. आश्रमाने तिला कायमची नोकरी देऊ केली होती, नोव्हेंबरअखेरपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. “मम्मी, सही करायच्या आधी तू एकदा येऊन बघून जा,” ती म्हणाली. मी त्यातले तीनच शब्द ऐकले: सही करायच्या आधी. म्हणजे अजून झालेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली. घरी माझे यजमान आणि सासरे. सासरे किनवटकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकी होते. अर्धांगवायूने गेलं वर्षभर अंथरुणाला आहेत. त्यांचं अंग पुसायला, कूस बदलायला सकाळ-संध्याकाळ लक्ष्मीबाई नावाची बाई ठरवली. निघताना सासऱ्यांनी माझा हात धरला. त्यांचा उजवा हात चालत नाही, डाव्याने धरला.

“पोरगीला घेऊनच ये बाय. मला लई दिस झाले तिला बघून.”

“हाव मामा,” मी म्हणाले. मीही त्याच कामाला निघाले होते.

दारांवरची नावं

विमान, दुसरं विमान, मग चार तास रेल्वे. त्यात सांगण्यासारखं काही नाही. गाव फिनलंडच्या पश्चिमेला आहे. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, म्हणून लिहीत नाही. आमच्या नांदेडकडच्या बिलोलीच्या निम्मंही नसेल. रस्ते मात्र बिलोलीच्या दुप्पट रुंद आणि त्यांवर कोणी नाही. सकाळी नऊला उजाडायचं, दुपारी साडेतीनला अंधार. बर्फ पडून वितळलेलं, त्यामुळे सगळीकडे काळा चिखल. मी बर्फाचे फोटो काढून आणीन असं शाळेत सांगून आले होते; चिखलाचे काढले.

प्रणालीची इमारत तीन मजली. प्रत्येक दारावर आतल्या माणसाचं आडनाव लिहिलेलं असतं. पहिल्याच सकाळी ती कामावर गेली आणि मी जिना चढून-उतरून आले. बारा दारं, सात नावं. बाकी पाच दारं कोरी. संध्याकाळी ती आली तेव्हा मी वहीत खालून वर नकाशा काढत होते.

“मम्मी, तू काय करून राहिलीस?”

“घरयादी.”

“इथं कोणी घरोघर जात नाही गं मोजायला.”

“मग यांना कळतं कसं किती माणसं आहेत?”

तिने सांगितलं ते मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. तिथे माणूस जन्मला की सरकारच्या एकाच मोठ्या यादीत चढतो, मेला की उतरतो, घर बदललं की स्वतःच आठवड्याभरात कळवतो. कोणी दार वाजवत नाही. कुत्रं अंगावर येत नाही, कोणी “साहेब घरी न्हाईत, उद्या या” म्हणत नाही. मला हेवा वाटला आणि थोडा रागही आला. आम्ही उन्हात चपला झिजवून जे मिळवतो ते यांना खुर्चीत बसून मिळतं. आणि मिळून काय, तर बारातली पाच दारं कोरी.

दुसऱ्या दिवशी मी आपल्या पद्धतीने गेले. नवीन ठिकाणी आलो तर शेजाऱ्यांना तोंड दाखवायचं. चिवड्याच्या पुड्या केल्या आणि नाव असलेली सहा दारं वाजवली, सातवं आमचंच. चार उघडली नाहीत. एका दाराच्या आत दूरदर्शनचा आवाज चालू होता, मी वाजवल्यावर तो बंद झाला. पाचव्यातल्या माणसाने पुडी घेतली, दोन्हीकडून पाहिली आणि परत दिली. सहाव्यातल्या बाईंनी घेतली. पण संध्याकाळी इमारतीच्या फलकावर एक चिठ्ठी लागली. प्रणालीने वाचून दाखवली: जिन्यात वस्तू विकण्यास मनाई आहे.

“मी विकत होते?”

“त्यांना वाटलं असेल.”

“अगं, चिवडा होता तो!”

ती हसून हसून खाली बसली. मीही हसले, पण ते सगळं हसू नव्हतं. किनवटच्या एका पाड्यावर मोजणीला गेले होते तेव्हा ज्या बाईकडे स्वतःपुरतं पीठ नव्हतं तिने मला भाकर वाढली होती. इथे मी भाकर घेऊन गेले आणि लोक मला फेरीवाली समजले.

जुनी शाळा

तिसऱ्या दिवशी प्रणाली मला तिचं काम दाखवायला घेऊन गेली. वृद्धाश्रम स्वच्छ, उबदार, फरशी इतकी लखलखीत की पाय ठेवायला भीती वाटावी. जोडे काढून आत जायचं, ते मला आवडलं. तेवढं एक आपल्यासारखं. पण कॉरिडॉरमध्ये मी थांबले. भिंतीवर खुंट्यांची लांबच लांब रांग होती आणि ती माझ्या कमरेच्या उंचीवर होती.

पंचवीसेक वर्षं शाळेत काढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. “ही शाळा होती,” मी म्हणाले.

“हाव. मुलं संपली, मग बंद केली.”

त्या खुंट्यांना आता म्हाताऱ्यांचे कोट लटकत होते आणि खाली दप्तरांच्या जागी त्यांच्या चाकांच्या कुबड्या. ‘मुलं संपली’ हे ती साखर संपल्यासारखं म्हणाली. आमच्याकडेही पट घसरला की शाळा बंद होण्याची टांगती तलवार असते. जूनमध्ये आम्ही मास्तरलोक घरोघर फिरून मुलं गोळा करतो. पण आमची मुलं दुसऱ्या शाळेत गेलेली असतात. इथली जन्मलीच नव्हती.

मी प्रणालीला काम करताना पाहिलं. एका आजोबांना तिने कुशीवर वळवलं, पाठ पुसली, पायाला क्रीम लावलं. हात हलका, चपळ, कुठेही घाई नाही. आजोबांनी मध्येच तिचा हात झटकला आणि ते काहीतरी ओरडले. ती त्यांच्याशी गोड बोलत राहिली.

“काय म्हणाले?”

“काही नाही. त्यांना आठवत नाही काही. सगळ्यांनाच हाकलतात.”

ती आजाऱ्याचं मनावर घेत नाही. मी घेते. पदवी असलेली माझी मुलगी तिथे मदतनीस म्हणून लागली आहे. तिथली परीक्षा देईपर्यंत नर्स म्हणवता येत नाही. आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. आमच्या म्हाताऱ्याचं अंग पुसायला मी परकी बाई लावून आले आणि परक्या म्हाताऱ्याचं अंग पुसायला माझी मुलगी लागली आहे. लक्ष्मीबाईचं स्वतःचं म्हातारं माणूस कोण पुसत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं.

कोपऱ्यातल्या खोलीत ऐला नावाच्या आजी राहतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पाठ ताठ. त्या याच शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि आता ज्या खोलीत झोपतात ती त्यांच्या पहिलीच्या वर्गाची खोली. मीही शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी कॉफी मागवली, सोबत वेलचीचा गोड पाव. फिनलंडमध्ये वेलची! तो पाव तिथल्या खाण्यात मला सगळ्यात आवडला. काळी आंबूस भाकरी आणि दुधातला माशाचा रस्सा मी सभ्यपणे खाल्ला, एवढंच.

प्रणाली मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. ऐलाबाईंनी विचारलं, माझ्या वर्गात किती मुलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, जणू मी कुठल्या पक्वान्नाचं नाव घेतलं. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे, रविवारी फोन करतो. मग त्यांनी विचारलं, तुला मुलं किती?

“एक. हीच.”

ऐलाबाईंनी कप खाली ठेवला. त्या जे बोलल्या ते प्रणालीने लगेच सांगितलं नाही.

“काय म्हणाल्या?”

“जाऊ दे.”

“प्रणाली.”

“म्हणाल्या, एकच? आणि तीही आम्हाला दिलीस?”

‘लहान कुटुंब’ मी गावोगाव शिकवत फिरले आहे. मुलगी झाली तेव्हा एकीवर थांबलो म्हणून स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं होतं. इथे सरकार होणाऱ्या आईला बाळाच्या कपड्यांची पेटी घरपोच देतं, तरी पाळणे रिकामे. मग ते आमच्या पाळण्यातलं तयार माणूस घेतात. वाढवलेलं, शिकवलेलं, लसी टोचलेलं.

नगरपालिकेची कॉफी

शुक्रवारी गावच्या नगरपालिकेत नव्या रहिवाशांसाठी कॉफीचा कार्यक्रम होता. प्रणाली जाणार नव्हती. मीच म्हणाले चल. अकरातले सहा मुद्दे तोपर्यंत माझे मांडून झाले होते आणि तिने सहाही खोडले होते. त्यातला चौथा होता: नांदेडला नर्सला नोकरीचा तोटा नाही.

तिच्या खोलीत टेबलावर बाबासाहेबांचा लहान फोटो आहे, तो मुद्दा ऐकल्यावर त्याच्याकडे बघत ती म्हणाली, “मम्मी, तुला सांगितलं नव्हतं. तिथल्या दवाखान्यात एका पेशंटच्या मुलाने मला आडनाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाला, सिस्टर, पाणी दुसरीला द्यायला सांगा. मी मोठ्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, दे की दुसरीला, वाद कशाला.”

“आणि इथे?”

“इथेही चांगलं-वाईट आहे. तो आजोबा काय ओरडतो ते मला कळतं. पण आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न येत नाही.”

चौथा मुद्दा मी स्वतःच वहीतून खोडला. माझ्या वडिलांनी ज्या कारणासाठी गाव सोडून तालुक्याला बिऱ्हाड केलं, त्याच कारणासाठी तिने देश सोडला होता. ते मला कळत होतं. कळल्याने बरं वाटत नव्हतं, एवढंच.

कार्यक्रमाला दहा-बारा जण. फिलिपिन्सच्या दोन मुली, एक नेपाळी जोडपं, बाकी कुठले कुठले. नगरपालिकेच्या एक बाई उभ्या राहून छान हसून बोलल्या. प्रणाली कानात सांगत होती: गावातली माणसं दरवर्षी कमी होत होती, यंदा झाली नाहीत, आणि ते तुमच्यामुळे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाला गावाचं नाव लिहिलेली पिशवी मिळाली. मलाही दिली.

मी हात वर केला. सभेत प्रश्न विचारायची मला सवय आहे.

“विचार त्यांना,” मी म्हणाले, “हिच्यामुळे तुमचं एक माणूस वाढलं. चांगलं झालं. हिने कायमचं राहायचं ठरवलं तर हिच्या घरच्यांना, म्हणजे मला, हिच्या वडिलांना, इथे येऊन राहता येईल का?”

“मम्मी, नको.”

“विचार.”

तिने विचारलं. बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्या हळू, समजावून बोलल्या. प्रणाली ऐकत होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

“काय म्हणतात?”

“त्या म्हणतात… कुटुंबाला आणता येतं.”

“मग?”

“कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको. आणि अठराच्या आतली मुलं.”

“आणि आई?”

“आई त्यात येत नाही.”

आमच्या मोजणीत कुटुंबाची व्याख्या एका ओळीची आहे: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. हे मी शेकडो दारांत सांगितलं आहे. आता एक व्याख्या मला सांगितली जात होती, आणि ती सांगायला माझीच मुलगी मध्ये उभी होती. नेपाळी बाई माझ्याकडे बघत होती. तिला भाषांतराशिवाय कळलं होतं.

बाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते आणि गडद अंधार.

“तुला हे आधी माहीत होतं,” मी म्हणाले.

“हाव. सप्टेंबरात विचारून आले होते.”

“मग मला कशाला बोलावलंस?”

“तू बघावंस म्हणून. मी उघड्यावर पडलेली नाही, हे तू बघावंस.” थोडं चालल्यावर ती म्हणाली, “सोमवारी सही करणार आहे, मम्मी.”

“मामांना काय सांगू?”

“आजोबांना मी फोन करते ना रोज.”

“फोनने कूस बदलत नाही गं.”

हे बोलायला नको होतं. अकरा मुद्द्यांत ते नव्हतं; ठरवून टाळलं होतं. ती थांबली, दिव्याच्या खांबाखाली उभी राहून रडली आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जाड कोटावरून हात लागतच नाही. त्या पिशवीतून नगरपालिकेने दिलेला रुमाल काढून तिने नाक पुसलं.

घरी आल्यावर मी भाकरी टाकल्या. धुराने छतावरचा भोंगा किंचाळायला लागला तेव्हा तिने खुर्चीवर चढून तो कपड्याने झाकला. कोणी दार वाजवलं नाही. आम्ही चटणी-भाकर खाल्ली. उरलेले मुद्दे मी वाचलेच नाहीत.

नांदेड

सासऱ्यांनी मला दारात एकटी पाहिलं आणि माझ्या मागे पाहत राहिले. “सामान उतरवून राहिली का ती?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “मामा, तिला रजा नाही मिळाली. उन्हाळ्यात येईल.” मी आयुष्यात कुठल्याही फॉर्मवर खोटं लिहिलेलं नाही. तोंडाने बोलले.

परवा आमच्या गल्लीत जनगणनेच्या घरयादीचं काम सुरू झालं. मोजायला आली ती आमच्याच शाळेतली सविता. तिला हे काम मीच शिकवलं. आता सगळं मोबाइलमध्ये भरायचं असतं. ती पाय दुमडून सोफ्यावर बसली आणि भिंती, छप्पर, पाणी, वीज असं भराभर भरत गेली.

“घरात राहणारी माणसं किती, बाई?”

“चार,” यजमान म्हणाले.

“तीन,” मी म्हणाले.

“अगं, प्रणाली…”

“सहा महिन्यांच्या वर बाहेर आहे. परत यायचं ठरलेलं नाही. ती येत नाही यात.”

सविताने मोबाइल मांडीवर ठेवला. “राहू द्या की बाई. एका नावाने काय होतंय? कोण बघायला येतंय?”

मला किनवटकडचा मारोती आठवला. मागच्या मोजणीत मी त्याच्या ओट्यावर बसले होते. त्याचा मुलगा दोन वर्षांपासून हैदराबादला कामाला होता. मारोती हात जोडून म्हणत होता, “लिव्हा की बाई, पोरगं हाय माझं.” मी पट्टी लावून ते नाव खोडलं होतं. “चूल इथं नाही तर नाव इथं नाही,” मी त्याला म्हणाले होते. तो म्हणाला, “तुमाला पोरं हायत का, बाई?” प्रणाली तेव्हा शाळेत होती. “आहे ना एक,” मी म्हणाले होते. “घरीच असते.” आणि पुढच्या दारात गेले होते.

“तीन लिही,” मी सविताला म्हणाले. “नियम तुला मीच शिकवलाय.”

आतल्या खोलीतून खाट करकरली. सासऱ्यांचे कान अजून चांगले आहेत.

“कोन आलंय? मोजायला आलेत का?”

“हाव मामा.”

“प्रणालीचं नाव सांगा म्हनावं. इसरतील.”

मी उंबऱ्यात गेले. ते डाव्या कोपरावर जोर देऊन मान वर करायला बघत होते.

“लिहिलं मामा,” मी म्हणाले. “पहिलं तिचंच लिहिलं.”

त्यांनी मान उशीवर टेकवली. मागे सविता माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली, आणि तिने तीनवर बोट ठेवलं.